छत्रीवाल्याचा कबुलीजबाब

१

साबणाच्या त्या बंद कारखान्यात आमचं इस्पितळ आहे, हे शत्रूला कळायचं काही कारण नव्हतं. दारावर पाटी नव्हती, छतावर खूण नव्हती, जखमी यायचे तेसुद्धा मालाच्या ट्रकमधून. तरी एका सकाळी एक चिमुकलं ड्रोन मालाच्या दारातून आत शिरलं, लांबलचक बोळातून गेलं, घरचं असल्यासारखं डावीकडे वळलं आणि जनरेटरच्या खोलीत जाऊन फुटलं. तिथं ड्रायव्हरकाका डिझेल भरत होते. ते जागच्या जागी गेले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं आणि तिसऱ्या दिवशी मी तिथं पोचले. सैन्यात मला चौकशीबाई म्हणतात. त्याआधी निम्मी नोकरी मी बिनतारी संदेशाच्या तुकडीत कानाला यंत्र लावून काढली आहे, त्यामुळे माणसं खोटं बोलतात तेव्हा माझा कान आधी टवकारतो आणि डोकं मागून येतं.

इस्पितळ तोवर जवळच्या एका बंद छापखान्यात हलवलं होतं. मेजरसाहेब दारातच भेटले. मिशी ताठ, निकाल तयार.

"बाई, प्रकरण सरळ आहे," ते म्हणाले. "छतावर पहारेकरी होता, त्याच्या हातात जॅमर होता, तरी ड्रोन आलं. म्हणजे एकतर तो झोपला होता, नाहीतर फितूर झाला होता. यातलं कुठलं, तेवढं तुम्ही सांगा."

"मग मला कशाला बोलावलंत? नाणं उडवायचं होतं."

त्यांना विनोद आवडत नाहीत. मला आवडतात, त्याला इलाज नाही.

हातात धरायचा जॅमर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जाडजूड बंदुकीसारखं यंत्र असतं. ड्रोनकडे रोखून चाप दाबला, की ड्रोन आणि ते उडवणारा माणूस यांच्यातला रेडिओचा संपर्क तुटतो. ड्रोन मग गांगरून खाली बसतं किंवा भरकटतं. जवान त्याला छत्री म्हणायचे आणि तो धरणाऱ्याला छत्रीवाला. इथला छत्रीवाला ताडमाड उंच, म्हणून त्याचं नाव लांब्या. त्याला छापखान्याच्या कागदाच्या कोठीत कोंडलं होतं आणि मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी लष्करी न्यायालयाची गाडी त्याला न्यायला येणार होती. युद्धात पहाऱ्यावर झोपणाऱ्याला काय शिक्षा होते, ते आमच्यात मोठ्यानं कुणी बोलत नाही.

कोठीच्या वाटेवर मला इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेनं अडवलं. तिला सगळेच ताई म्हणतात, पण लांब्याची ती सख्खी ताई.

"बाई, माझा भाऊ झोपणारा नाही," ती म्हणाली. "आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला. रात्री झोपवता झोपवता माझा जीव जायचा. तुम्ही त्याला सोडवा. मला दुसरं कुणी नाही."

"त्यानं काल काय जबाब दिलाय?"

"चाप दाबून धरला होता, तरी ते पडलं नाही, असं."

मी कोठीत गेले. कागदाच्या रिळावर लांब्या गुडघे हनुवटीला लावून बसला होता. मी नाव सांगितलं तसा तो ताडकन उभा राहिला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "बाई, कालचा जबाब खोटा आहे. मी झोपलो होतो."

२

इतक्या वर्षांत मी गुन्हेगारांना नाही म्हणताना ऐकलंय, रडताना ऐकलंय, दुसऱ्याचं नाव घेताना ऐकलंय. न विचारता गुन्हा कबूल करणारा हा पहिलाच. मी समोरच्या रिळावर बैठक मारली.

"झोप कुठं लागली?"

"छतावर. पाण्याच्या टाकीला टेकलो होतो."

येताना मी कारखान्याच्या छतावर चढून आले होते. टाकी पत्र्याची, उन्हात उघडी. मी नुसता हात लावला तर चटका बसला होता. तिला टेकून झोपायचं तर पाठीची साल निघेल.

"शर्ट वर कर," मी म्हणाले.

त्यानं निमूटपणे केला. पाठ स्वच्छ होती.

"लांब्या, तुला खोटं बोलता येत नाही. पुढच्या वेळी सावलीतली जागा सांग."

त्यानं शर्ट खाली ओढला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय बाई? मी कबूल करतोय ना. लिहा आणि जा."

मी लिहिलं नाही आणि गेलेही नाही, पण त्याच्या तोंडून आणखी काही निघेना. बाहेर आले तर चकचकीत बूट घातलेला एक गृहस्थ माझी वाट बघत उभा होता. जॅमर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. युद्धात बूट चकचकीत ठेवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आधीच वाईट असतं.

"मॅडम, कंपनीतर्फे एकच सांगतो. आमच्या यंत्रात दोष असूच शकत नाही. हे यंत्र प्रत्येक ड्रोन पाडतं."

"प्रत्येक? तुम्ही पाहिलंय?"

"रोज पाहिलंय. रोज नाश्त्याच्या वेळी इथं प्रात्यक्षिक व्हायचं. ड्रायव्हरकाका सरावाचं ड्रोन उडवायचे, छतावरून लांब्या चाप दाबायचा, ड्रोन खाली. एकदाही चुकलं नाही."

"हे सरावाचं ड्रोन कुणी दिलं?"

"आम्हीच. यंत्राबरोबर भेट."

मला हसू आवरेना. "म्हणजे प्रश्नपत्रिका तुमची, उत्तरपत्रिका तुमची आणि पैकीच्या पैकी गुणही तुम्हालाच. वा. आणि हा रोजचा खेळ कशासाठी?"

"जखमी घाबरलेले असायचे ना. नुसता पंखा घुमला तरी खाटेखाली शिरायचे. ड्रोन पडताना डोळ्यांनी बघितलं की त्यांना धीर यायचा. खिडकीतून टाळ्या वाजवायचे."

"कल्पना कुणाची?"

त्यानं खांदे उडवले. "हुकूम मेजरसाहेबांचा होता. कल्पना कुणाची, ते लांब्याला ठाऊक. पण तो सांगणार नाही. मी परवा सहज विचारलं, तर माझ्या अंगावर धावून आला."

३

जखमींची खोली म्हणजे छापखान्याचा मोठा हॉल. शाईचा वास अजून गेला नव्हता. दाराशेजारच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला एक जवान कानात बिनवायरच्या बोंडक्या घालून मोबाइलवरच्या गाण्यावर मान डोलावत होता. त्याला सगळे गाणेवाला म्हणत.

"कारखान्यात तुझी खाट कुठं होती?" मी विचारलं.

"जिन्यापाशी, वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट छत. लांब्याची पावलं ऐकू यायची."

"त्या दिवशी ऐकलीस?"

"नाही, कानात गाणं होतं." तो तोंड वाकडं करून म्हणाला, "पण गाणं तरी धड कुठं ऐकू देतात? खेळाच्या वेळी तुटायचंच. रोज. ऐन कडव्यात खरखर. मी लांब्याला म्हणायचो, बाबा रे, ड्रोन पाड, पण माझं गाणं कशाला पाडतोस."

मी खाटेच्या कडेवर बसले. "त्या दिवशी किती वेळा तुटलं?"

"दोनदा. एकदा नाश्त्याला, नेहमीसारखं. मग बऱ्याच वेळानं पुन्हा तुटलं, मी शिवी हासडणार तेवढ्यात धडाम."

बघा, चौकशी म्हणजे दुसरं काय असतं. त्या बोंडक्या ज्या लहरींवर चालतात, त्याच लहरींवर स्वस्तातली ड्रोनंही चालतात आणि जॅमर त्याच लहरींत गोंगाट भरतो. स्फोटाआधी गाणं तुटलं, म्हणजे स्फोटाआधी चाप दाबलेला होता. लांब्या जागा होता. कालचा जबाब खरा होता आणि आजचा कबुलीजबाब शुद्ध थाप.

मग ड्रोन पडलं का नाही? मी उठले, तर एक वॉर्डबॉय रुग्ण न्यायची ढकलगाडी ओढत होता आणि गाडीचं एक चाक फिरतच नव्हतं.

"कारखान्यातून आणल्यापासून अडतंय," तो कुरकुरला. "बोळात पडली होती ही गाडी. कुणाचा तरी मासे पकडायचा दोरा अडकलाय."

मी गाडी आडवी करायला लावली. चाकाच्या दांड्याभोवती केसासारखा पारदर्शक दोरा गुंडाळला होता. मासे पकडायचा दोरा वाकवला तर वाकतो, गाठ मारली तर बसते. हा मी बोटांत दुमडला आणि कट्कन तुटला, काचेसारखा. कारण ती काचच होती.

सगळं चित्र माझ्यापुढे लख्ख झालं. रेडिओवरचं ड्रोन जाड भिंतींच्या आत बोळात शिरलं, तर उडवणाऱ्याला दिसणारं चित्र फाटायला लागतं. हे तर आत येऊन वळण घेऊन गेलं, म्हणजे त्याला शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं. ड्रोन आपल्यामागे, इंटरनेटसाठी जमिनीखालून घालतात तसली, काचेची तार सोडत आलं होतं आणि सगळं बोलणं त्या तारेतून चाललं होतं. जिथं रेडिओच नाही, तिथं रेडिओ बंद पाडणारी छत्री काय कपाळ करणार?

मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. पण अर्धंच कोडं सुटलं होतं. लपवलेल्या इस्पितळाचा पत्ता त्यांना मिळाला कसा? आणि जागा असलेला माणूस झोपलो होतो म्हणून गळफास का लावून घेतोय?

मागून गाणेवाला म्हणाला, "बाई, तेवढं खेळाचं बघा ना. आज सकाळीपण तुटलं गाणं."

मी गर्रकन वळले. "आज? इथं?"

"हो. नवा छत्रीवाला ठेवलाय ना. ड्रोन त्या बूटवाल्यानं उडवलं. कालही झाला खेळ. पोरांना बरं वाटलं जरा."

 मी धावतच मेजरसाहेबांच्या टेबलाशी गेले.

४

"हॉल रिकामा करा. आत्ता."

मेजरसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कारण?"

"तुम्ही फितूर शोधताय ना? तो तुमच्या छतावर आहे. जॅमर म्हणजे गोंगाट. एवढी मोठी बोंब मारली तर ती ड्रोनलाच ऐकू येईल आणि शत्रूला येणार नाही, असं वाटलं तुम्हाला? माझ्या तुकडीत आम्ही हेच करायचो. दोन ठिकाणांहून कान लावायचा, आवाज कुठल्या दिशेनं येतोय त्याच्या दोन रेघा नकाशावर ओढायच्या, त्या जिथं छेदतील तिथं माणूस सापडतो. रोज एकाच जागेवरून, एकाच सुमाराला बोंब मारली तर आंधळासुद्धा शोधेल. आता तर त्यांना तो आवाज ओळखीचा झालाय."

"पण छतावर यंत्र आहे ना," कंपनीवाला मध्ये बोलला. "आलं तर पाडू."

मी तो तारेचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "हे पाडून दाखवा. तुमची छत्री चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. रेडिओवर चालणारं ड्रोन समोर दिसलं, लहरी तिच्या ओळखीच्या असल्या, बॅटरी भरलेली असली, तर ती पाडते. अर्धा पाऊस अडवते. तुम्ही सगळा अडवते म्हणून सांगत सुटलात, तिथं घोटाळा झाला."

त्यानं तुकडा बोटांत दुमडला, तो कट्कन तुटला. मेजरसाहेब म्हणाले, "तुमच्या अंदाजावर मी एवढे जखमी उन्हात काढू? टाके उसवले तर?"

"टाके परत घालता येतात," दारातून आवाज आला. ताई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, खेळामुळेच जागा कळली? नक्की?"

"नक्की."

तिनं पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या आणि हॉलमध्ये गेली. मेजरसाहेबांच्या हुकमाची तिनं वाटच पाहिली नाही. "चालता येतंय त्यांनी न येणाऱ्यांना धरा. गाद्यांसकट उचला. रस्त्यापलीकडच्या रेल्वेच्या बोगद्यात. सामान राहू दे." तिचा आवाज चढला नव्हता, पण पाय मोडलेलेही उठून बसले. मेजरसाहेबसुद्धा एका खाटेचं टोक धरून चालायला लागले. माणूस वाईट नव्हता, घाई वाईट होती.

"कोठीची किल्ली," मी त्यांच्यापुढे हात केला. ताई माझ्या शेजारूनच गेली, एका पोराची सलाइनची बाटली उंच धरून. कोठीच्या दाराकडे तिनं एकदा बघितलं आणि पुढं चालू लागली. तिच्या हातात बाटली होती, ती तिला सोडता येत नव्हती. तिच्याच्यानं ते कसं झालं, मला अजून कळत नाही.

मी कुलूप काढलं. "ऊठ लांब्या. ड्रोन येतंय."

"इथं?" तो गोंधळून म्हणाला. "इथं कसं येईल? खेळ तर बंद झालाय."

मी त्याच्या दंडाला धरलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. "काय म्हणालास?"

 आपण काय बोलून बसलो, ते त्याला तेव्हा कळलं.

बोगद्यात शेवटची खाट शिरली आणि घूं ऐकू आलं. उन्हात ड्रोनच्या मागे एक चंदेरी रेघ लकाकत होती. छतावरून उतरून छापखान्याच्या फाटकाशी आलेल्या नव्या छत्रीवाल्यानं त्याच्यावर नेम धरून चाप दाबून ठेवला होता. ड्रोननं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते हॉलच्या दारातून आत गेलं. धुरळा बसला तेव्हा आकाशातून जळके कागद खाली येत होते, आणि बोगद्यात सगळी डोकी मोजून भरली.

५

संध्याकाळ व्हायच्या आत मी सगळ्यांना बोगद्याच्या तोंडाशी बसवलं. मेजरसाहेब, कंपनीवाला, लांब्या आणि ताई.

"लांब्या झोपला नव्हता," मी सुरुवात केली. "गाणेवाल्याचं तुटलेलं गाणं साक्षीला आहे. तो फितूरही नव्हता. पत्ता जॅमरनं दिला. आज तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. राहिला एकच प्रश्न. हा शहाणा खोटं का बोलला?"

मी लांब्याकडे बोट दाखवलं.

"काल यानं खरं सांगितलं. मग कोठीत बसून विचार केला. चाप दाबला तरी ड्रोन पडलं नाही, हे लिहिलं गेलं तर कुणीतरी खोदणार, जॅमर तपासणार, मग खेळ निघणार. गरजेपुरताच चाप दाबायचा, नाहीतर जागा कळते, हे याला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. त्यात आज कळलं की चौकशीला बिनतारीवाली बाई येतेय. तिला एका दिवसात कळेल. म्हणून यानं ठरवलं, खोदायचंच कशाला? झोपलो होतो म्हटलं की चौकशी संपली. ड्रोन उडवणारे काका गेले, चाप दाबणारा कोंडलेला, म्हणजे खेळ आपोआप बंद झाला, असं याला वाटलं. म्हणून तर कोठीत म्हणाला, खेळ बंद झालाय. माणूस स्वतःसाठी एवढं मोठं खोटं बोलत नाही. तो खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याच्यासाठी बोलला."

"बाई, पुरे," लांब्या म्हणाला. "लिहा ना, माझी चूक. मला शिकवलं होतं, मी विसरलो."

"तू विसरला नव्हतास," ताई म्हणाली. "पहिल्या दिवशी तू मला सांगितलं होतंस, सारखं दाबायचं नसतं. मीच म्हणाले, थोडा वेळ रे, पोरं जेवत नाहीत. मेजरसाहेबांकडे मीच गेले. इथं चालू ठेवा म्हणून परवा पुन्हा मीच गेले." तिनं डोळे पुसले नाहीत. "माझ्या नावावर लिहा, बाई. काका माझ्यामुळे गेले."

"ताई, गप्प बस."

"तू गप्प बस. लहान आहेस."

मेजरसाहेबांनी घसा खाकरला. मिशी जरा खाली आली होती. "हुकमावर सही माझी आहे. लिहायचं तर ते लिहा."

मी काय लिहायचं ते आधीच ठरवलं होतं. जो सगळा पाऊस अडवतो म्हणाला तो, ज्यानं सही केली तो, जिनं पोरांच्या पोटासाठी हट्ट धरला ती, आणि खिडकीतून टाळ्या वाजवणारे सगळे. ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या पदरात. लांब्याच्या वाट्याला मात्र फाशीचा दोर येत नव्हता, आणि ते मी पहिल्या ओळीत घातलं. न्यायालयाची गाडी सकाळी आली ती रिकामी परत गेली.

त्याच गाडीतून ड्रायव्हरकाकांची बायको उतरली होती, त्यांचं सामान न्यायला. ताई म्हणाली, मीच सांगते. मी म्हटलं, अहवालातून कळेल त्यांना, तुम्ही कशाला? तिनं ऐकलं नाही. बोगद्याबाहेर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि ताईनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं, काही न गाळता. लांब्या मागे उभा होता.

 सगळं ऐकून झाल्यावर काकींनी लांब्याकडे बघितलं.

"हा तुमचा भाऊ? ज्याला शिक्षा होणार होती?"

"हो. सुटला."

काकींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मला तुमचा राग आलाय. तो जाणार नाही, उगाच आशा ठेवू नका. पण एका घरातलं माणूस गेलं तेवढं पुरे झालं."

त्यांनी काकांची पिशवी उचलली. लांब्या पुढं झाला, तर ती त्यांनी त्याच्या हातात दिली आणि गाडीपर्यंत त्याला बरोबर घेऊन गेल्या. ताई तिथंच उभी राहिली. आतून कुणीतरी पट्टी बदलायला हाक मारली, तेव्हा कुठं ती वळली आणि आत गेली.